हिमराक्षस की हिमदैत्य? नॉर्स कथांतील ‘ह्रीमथुर्स’ मराठीत आणताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी आपण नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वे-आइसलँडकडच्या, पुराणकथा मराठीत लिहीत आहात. इंग्रजी पुस्तकात ‘फ्रॉस्ट जायंट्स’ म्हणून जे कोणी येतात त्यांना हिमराक्षस म्हणावे की आणखी काही, ते खरोखर बर्फाचे बनलेले होते का, आणि चित्रकाराने त्यांना निळ्या कातडीचे, ताडमाड उंच काढले आहे ते बरोबर आहे का. गेली सुमारे वीस वर्षे मी जुन्या आइसलँडिक भाषेतील मजकूर मराठीत आणत आले आहे आणि याच शब्दापाशी मी स्वतः एकदा चांगलीच चुकले होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपण तीन प्रश्न विचारले असले तरी मला मूळ अडचण एकच दिसते, आणि ती ‘जायंट’ या शब्दात आहे. हा शब्द ग्रीक कथांतील ‘गिगांतेस’पासून लॅटिन आणि फ्रेंच या वाटेने इंग्रजीत आला आणि येताना आकाराची कल्पना सोबत घेऊन आला. मूळ नॉर्स शब्द वेगळे आहेत. ‘योतुन’ हा सर्वांत व्यापक शब्द असून अनेक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध ‘खाणे’ या धातूशी जोडतात. ‘थुर्स’ हा त्याहून काळोखा शब्द आहे. ‘रिसी’ या शब्दात मात्र मोठ्या आकाराचा अर्थ खरोखर आहे. डोंगरात राहणारा तो ‘बेर्गरिसी’, आणि स्त्री असेल तर ‘गीगर’. इंग्रजी अनुवादकांनी या सर्वांवर ‘जायंट’ हे एकच झाकण ठेवले. आपण ज्यांच्याविषयी विचारता ते ‘ह्रीमथुर्स’, आणि या जोडशब्दाच्या दोन्ही भागांत उंचीचा काहीच उल्लेख नाही.

कोणता शब्द योग्य, हे आपण कोणत्या साधनावर विसंबता यावरही ठरेल. आपल्याकडे मुख्यतः दोन संग्रह आहेत. एक म्हणजे पद्यांचा संग्रह, ज्याचे मुख्य हस्तलिखित ‘कोडेक्स रेगियस’ सुमारे 1270 मध्ये लिहिले गेले. ते 1643 मध्ये आइसलँडचे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आले, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि 1971 मध्ये आइसलँडला परत मिळाले. दुसरा म्हणजे स्नोरी स्टुर्लुसन याने 1220 च्या सुमारास लिहिलेला गद्य ग्रंथ. स्नोरी ख्रिस्ती होता आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोवर दोनशे वर्षे उलटली होती. पद्ये तुटक, सूचक आणि परस्परांशी न जुळणारी आहेत. स्नोरी सगळे ओळीने, नीटनेटके सांगतो. मुलांच्या पुस्तकांत जे येते ते बहुतेक स्नोरीचे असते, आणि नीटनेटकेपणाही बराचसा त्याचाच असतो, हे ध्यानात ठेवावे.

आता ‘ह्रीम’. याचा अर्थ बर्फाची लादी नव्हे आणि भुरभुरणारा हिमही नव्हे. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, बोटींच्या फळ्यांवर दव गोठून जो पांढरा थर बसतो आणि ज्याची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत ‘दवबिंदू गोठले’ या मथळ्याखाली येतात, तो थर म्हणजे ह्रीम. म्हणजेच ही दुसऱ्या कशावर तरी धरलेली थंडी आहे. ‘हिमिर’ नावाच्या योतुनावर एक पद्य आहे. तो शिकारीहून घरी येतो तेव्हा त्याच्या अंगावरच्या बर्फाच्या लोंब्या किणकिणतात आणि त्याच्या ‘गालांवरचे रान’ गोठलेले असते, असे कवी सांगतो. गालांवरचे रान म्हणजे दाढी. हा म्हातारा बर्फाचा नाही. तो थंडीतून आलेला, गोठलेल्या दाढीचा, अतिशय तापट माणूस आहे. त्याच्या नुसत्या नजरेने घरातला खांब दुभंगतो. (जाता जाता: ‘हिमिर’ हे नाव आणि आपला ‘हिम’ यांचा संबंध नाही. संस्कृतात जेथे असा ‘ह’ येतो तेथे जर्मानिक भाषांत ‘ग’ येतो. आपल्या हंसाला नॉर्समध्ये ‘गास’ म्हणतात. तेव्हा तळटीप देण्याचा मोह आवरावा. मी एकदा दिली होती आणि दुसऱ्या आवृत्तीत काढली.)

मग या कुळाला ह्रीमचे नाव का मिळाले? याचे उत्तर सृष्टीच्या आरंभकथेत आहे, आणि आपल्या संग्रहात ही कथा नसेल तर माझ्या मते ती घ्यायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. स्नोरी सांगतो की आरंभी गिनुंगागाप नावाची पोकळी होती. तिच्या उत्तरेला निफ्लहेमची थंडी आणि धुके, दक्षिणेला मुस्पेलची आग. एलिवागार नावाचे प्रवाह उगमापासून दूर वाहत गेले तेव्हा त्यांच्यातले विष भट्टीतल्या मळीसारखे घट्ट झाले. ते गोठून बर्फ झाले, त्यावर पडणारी झिमझिम गोठली आणि पोकळीत ह्रीमचे थरावर थर चढत गेले. दक्षिणेची ऊब तिथे पोहोचताच ते वितळून ठिबकू लागले आणि त्या थेंबांतून यिमिर हा पहिला देहधारी झाला. तो झोपेत घामाने भिजला. त्याच्या काखेत एक मुलगा व एक मुलगी वाढली, आणि त्याच्या एका पायाला दुसऱ्या पायापासून मुलगा झाला. जुन्या पद्यात या मुलाला सहा डोकी आहेत. स्नोरीच्या ग्रंथात ही कथा ऐकणारा गिल्फी राजा येथे विचारतो, की या यिमिरला तुम्ही देव मानता का? उत्तर मिळते: मुळीच नाही. तो दुष्ट होता आणि त्याचे सारे कुळही, त्यांनाच आम्ही ह्रीमथुर्स म्हणतो.

हे एक वाक्य मी अनुवादकांना नेहमी दाखवते. येथे ह्रीमथुर्स ही व्याख्या शरीराची नसून वंशाची आहे. गोठलेल्या दवातून ज्यांचा मूळपुरुष जन्मला, ते ह्रीमथुर्स. त्यांच्या अंगात आज बर्फ आहे की नाही हा प्रश्न त्या काळच्या श्रोत्याला पडला नसता, जसा सूर्यवंशी राजाच्या अंगाला चटका बसतो का हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ‘दुष्ट होता’ हा शेरा मात्र थोडा जपून घ्यावा. यिमिरच्या जन्माविषयीच्या जुन्या पद्यांत तो नाही. स्नोरीच्या लेखणीत ख्रिस्ती शिकवणीचा रंग किती, यावर मतभेद होऊ शकतात, पण तो रंग आहे.

पुढची गोष्ट आपल्याला माहीत असेलच. औदुम्ला नावाची गाय ह्रीमचे खारट दगड चाटते. पहिल्या दिवशी संध्याकाळी दगडातून केस बाहेर येतात, दुसऱ्या दिवशी डोके आणि तिसऱ्या दिवशी सगळा माणूस. हा बुरी. त्याचा मुलगा बोर, आणि बोरचे मुलगे ओडिन, विली व वे. म्हणजे या देवांचा आजाही ह्रीममधूनच निघाला! हे तिघे यिमिरला मारतात आणि त्याच्या मांसाची जमीन, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश करतात. येथे मराठी वाचकाला पुरुषसूक्त आठवणार, आणि ही आठवण चुकीची नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही पुरुषाच्या डोक्यातून द्युलोक होतो, आणि ‘यिमिर’ हे नाव भाषाशास्त्रज्ञ ‘जुळा’ या अर्थाच्या मूळ शब्दाशी, म्हणजेच आपल्या ‘यम’ शब्दाशी जोडतात. फरक असा की पुरुषाचा यज्ञ होतो आणि यिमिरचा खून. मुलांसाठी लिहिताना मी साम्य एका वाक्यात सांगेन आणि फरकही लगेच सांगेन, कारण साम्य तेवढे सांगितले की वाचक उरलेली कथा आपल्या कथेने भरून काढतो.

यिमिरच्या रक्ताचा इतका मोठा लोंढा येतो की सारे ह्रीमथुर्स त्यात बुडतात. फक्त बेर्गेल्मिर आपल्या बायकोसह वाचतो. तो कशावर चढून वाचतो, यासाठी स्नोरीने ‘लूदर’ हा शब्द वापरला आहे आणि या एका शब्दाने अनुवादकांना भंडावून सोडले आहे. लूदर म्हणजे मुख्यतः जात्याखालची लाकडी बैठक. शिवाय कर्णा या अर्थानेही तो शब्द येतो. इंग्रजी पुस्तकांत येथे बिनदिक्कत होडी असते, कारण प्रलय म्हटला की होडी आठवते. पण ज्या जुन्या पद्यावरून स्नोरीने हे घेतले त्यात प्रलय नाहीच. तेथे वाफथ्रूदनिर नावाचा ज्ञानी योतुन ओडिनला सांगतो, की माझी सर्वांत जुनी आठवण म्हणजे बेर्गेल्मिरला लूदरवर ठेवले तेव्हाची. ‘ठेवले’, तो चढला नव्हे. म्हणून कोणी त्याचा अर्थ पाळणा करतात, कोणी तिरडी. मी मुलांच्या आवृत्तीत ‘जात्याच्या लाकडी बैठकीवर बसून तरंगत’ असे लिहिते. विचित्र वाटते खरे, पण मूळही विचित्रच आहे, आणि मुलांना या विचित्रपणाचा त्रास होत नाही, संपादकांना होतो.

आकाराविषयी सरसकट काही सांगता येत नाही, कारण तो कथेगणिक बदलतो. ओडिनचा मुलगा, हातोडा बाळगणारा देव थोर आणि त्याचे सोबती एका रात्री ज्या घरात झोपतात ते सकाळी स्क्रीमिर नावाच्या योतुनाचा हातमोजा निघते, आणि अंगठ्याच्या जागेला ते खोली समजलेले असतात. हा झाला खरा महाकाय, पण ती कथाच दृष्टिभ्रमाची आहे. याउलट थ्रिम, ज्याला पद्य ‘थुर्सांचा स्वामी’ म्हणते, तो टेकाडावर बसून आपल्या कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे विणत असतो आणि घोड्यांची आयाळ नीट करत असतो. फ्रेया देवी समजून वधूवेषातल्या थोरला तो आपल्या शेजारी बसवतो, तेव्हा त्याला वधूचे डोळे भयंकर वाटतात, खाणे अचाट वाटते, पण ती आपल्याहून ठेंगणी आहे असे त्याला वाटल्याचा उल्लेख नाही. गेर्ड ही योतुनाची मुलगी दार उघडायला हात वर करते तेव्हा तिच्या बाहूंच्या तेजाने आकाश आणि समुद्र उजळतात, आणि ते लांबून पाहून फ्रेयर देव तिच्यासाठी झुरू लागतो. स्काडी ही थियासी योतुनाची मुलगी बापाचा सूड घ्यायला शिरस्त्राण आणि चिलखत घालून एकटी देवांच्या दारात येऊन उभी राहते. भरपाई म्हणून तिला नवरा निवडू देतात, तोही फक्त पाय पाहून. या दोघी देवांच्या घरात सुना म्हणून येतात, आणि त्यांच्या उंचीविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

निळ्या कातडीला मूळ साधनांत आधार नाही. ती अलीकडच्या चित्रपटांतून आणि चित्रकथांतून आली आहे. त्यांच्या देशाचेही तसेच आहे. योतुनहेमार हा बर्फाचा ओसाड ग्रह नाही. तेथे घरे, अंगणे, गुरे आणि मेजवान्या आहेत, आणि थोर त्यांच्याशी लढायला बहुधा उत्तरेला नव्हे तर पूर्वेला जातो. नॉर्वेत आज योतुनहेमेन नावाची पर्वतरांग आहे आणि त्या देशातले सर्वांत उंच शिखर, 2469 मीटरचे गाल्डह्योपिगेन, तिच्यातच आहे. पण तिला हे नाव ओस्मुंड ओलाव्सन विन्ये या कवीने 1862 मध्ये दिले. ते प्राचीन वास्तव्याचा पुरावा म्हणून छापू नये.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: ह्रीम म्हणजे गोठलेले दव, ह्रीमथुर्स म्हणजे त्यातून जन्मलेल्या यिमिरचे कुळ, आणि त्या कुळातले लोक कधी प्रचंड, कधी सुंदर, कधी सहा डोक्यांचे असतात.

आता शब्दाकडे येते आणि माझ्या चुकीकडेही. सुरुवातीच्या अनुवादात मी सगळीकडे ‘हिमराक्षस’ लिहिले होते. लढायांच्या कथांत ते चालून गेले. मग बाल्डरच्या अंत्ययात्रेचा प्रसंग आला. हा ओडिनचा मुलगा, देवांत सर्वांचा लाडका. त्याची चिता त्याच्याच जहाजावर रचली आहे. कोण कोण आले, याची यादी स्नोरी देतो: ओडिन आपल्या कावळ्यांसह, फ्रेयर रानडुकराच्या रथातून, फ्रेया मांजरींच्या रथातून, आणि शेवटी, ‘ह्रीमथुर्स आणि बेर्गरिसी यांचाही मोठा जमाव’. जहाज देवांना हलत नाही म्हणून योतुनहेमारहून हिरोकिन नावाच्या स्त्रीला बोलावतात. ती लांडग्यावर बसून, सापांचा लगाम धरून येते आणि एका धक्क्यात जहाज पाण्यात लोटते. मी लिहून गेले, ‘हिमराक्षसांचा मोठा जमाव अंत्यविधीला आला होता’, आणि वाक्य कागदावरच मोडले. मराठीत राक्षस अंत्ययात्रेला येत नाहीत. यज्ञ विटाळायला येतात. ते सुतकातले नातलग नसतात.

हे लोक मात्र खरोखर नातलग आहेत. ओडिनची आई बेस्टला ही बोल्थोर्न नावाच्या योतुनाची मुलगी. देवांत वावरणाऱ्या लोकीचा बाप फारबाउती योतुन. थोरला ज्या योतुन स्त्रीपासून मुलगा झाला ती यार्नसाक्सा. स्नोरीची व्याख्या काटेकोरपणे लावली तर देवांचा राजा आईकडून ह्रीमथुर्सांच्या कुळातला ठरतो, आणि यिमिरला मारणारे त्याच्याच वंशातल्या स्त्रीचे मुलगे ठरतात. हे भाऊबंदकीचे वैर आहे, आणि भाऊबंदकी म्हटल्यावर मराठी माणसाला अधिक समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून मी ‘दैत्य’ या शब्दाकडे वळले. दिती आणि अदिती या सवती, दोघी कश्यपाच्या बायका. एकीचे मुलगे दैत्य, दुसरीचे आदित्य. म्हणजे नाते शब्दातच आहे. शिवाय दैत्य म्हटला की तो वाईटच असतो, असे आपली परंपरा मानत नाही. प्रल्हाद दैत्य आहे, आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे आपण ज्याच्यासाठी म्हणतो तो बळीही दैत्यच. आपला अंक दिवाळीचा आहे, तेव्हा बलिप्रतिपदेच्या सुमारास तो वाचणाऱ्या मुलाला ‘दैत्य’ शब्दातली ही दुहेरी छटा परकी वाटणार नाही.

हा शब्दही पूर्ण बसत नाही, हे मी मान्य करते. आपले दैत्य स्वर्ग जिंकतात आणि देवांना पळवून लावतात. नॉर्स कथांत बहुतेक वेळा उलटे घडते: देवच त्यांच्याकडे जाऊन काहीतरी आणतात. सुत्तुंगकडून काव्याचे मद्य, हिमिरकडून मद्य गाळण्याची कढई, गिमिरच्या घरून गेर्ड. योतुनांनी फ्रेया मागितली की मात्र मागणाऱ्याचा जीव जातो. ओडिन ते मद्य घेऊन पळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्रीमथुर्स त्याच्या दिवाणखान्यात चौकशीला येतात, की तो चोर तुमच्यात परतला का, की सुत्तुंगने त्याला मारला. जुने पद्य हे ओडिनच्याच तोंडी देते, आणि आपण शपथ मोडली हेही तो लपवत नाही. आपल्या संग्रहात ही कथा असेल तर ही भेट कृपया गाळू नका. इंग्रजी बालआवृत्त्यांत ती सहसा दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘थुर्स’ या शब्दाला खरोखरच वाईट वास आहे. रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत ‘थ’ या अक्षराचे नावच थुर्स आहे आणि नॉर्वेजियन रून-कवितेत ते स्त्रियांना पीडा देणारे म्हटले आहे. गेर्ड लग्नाला तयार होईना तेव्हा फ्रेयरचा सेवक तिला हेच अक्षर कोरण्याची आणि ह्रीमग्रिमनिर नावाच्या थुर्साच्या गळ्यात बांधण्याची धमकी देतो. स्वीडनमधील सिगतुना येथे सापडलेल्या अकराव्या शतकातील तांब्याच्या ताईतावर जखमेतल्या तापाला ‘थुर्स’ म्हणून हाक मारून ‘पळ, तू सापडला आहेस’ असे बजावले आहे. म्हणजे ज्या लोकांनी या कथा ऐकल्या त्यांच्या घरात हा शब्द रोगाच्या बाधेसाठीही वापरला जात होता. त्यामुळे शाप, मंत्र किंवा धमकी असेल तेथे मी ‘दैत्य’ सोडून ‘थुर्स’ हाच शब्द ठेवते आणि संदर्भाला त्याची भीती निर्माण करू देते.

आपल्यासाठी माझा सल्ला असा: दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी ह्रीमथुर्सांना ‘हिमदैत्य’ म्हणा आणि आरंभकथेतच, गोठलेल्या दवातून जन्मलेल्या यिमिरचे ते वंशज, हे एका वाक्यात सांगा. योतुन हा शब्द तसाच ठेवा. दोन पानांत मुलांना तो सवयीचा होतो. स्काडी, गेर्ड, हिरोकिन यांना स्नोरी नावाने ह्रीमथुर्स म्हणत नाही, म्हणून त्यांच्या नावामागे ‘हिमदैत्य’ लावू नका. बेर्गरिसींना ‘डोंगरदैत्य’ म्हणता येईल, पण या दोन वेगळ्या जाती असल्यासारखा तक्ता देऊ नका. स्नोरी ही जोडी मुख्यतः एका दमात उच्चारतो, थोरचा हातोडा दोघांनाही ओळखीचा आहे आणि देवलोकाला जाणाऱ्या इंद्रधनुष्याच्या पुलात आग नसती तर दोघेही वर चढून आले असते, अशा वाक्यांत. आगीचा सुर्त मात्र वेगळा ठेवा. तो मुस्पेलचा आहे, आणि जगाच्या अंतकाळी तो दक्षिणेकडून येतो, तर ह्रिम नावाचा योतुन आपल्या साऱ्या ह्रीमथुर्सांसह पूर्वेकडून.

थोडेसे मोठ्या वाचकांसाठी, किंवा पुढे कधी स्वतंत्र पुस्तक केले, तर मी दैत्यही वापरणार नाही. तेथे ‘ह्रीमथुर्स’ तसाच ठेवून प्रस्तावनेत समजावता येईल, आणि बळीची आठवण वाचकाची वाचकाला करू द्यावी.

चित्रकाराला निळा रंग काढून टाकायला सांगा, पण चित्र नव्याने काढायला लावू नका. चेहरा माणसाचा ठेवून दाढीवर, भुवयांवर आणि खांद्यांवरच्या कातड्यावर पांढरा थर दिला आणि मागे उजेडाचे उघडे दार दाखवले, तर तो घरी परतलेला हिमिर होईल. खांबही दाखवा, तडा जाण्याआधीचा.